चिटणिशी आणि फडणिशी

आमच्या गावाचे नाव मराठीत निपाणी असे एका ‘प’ने लिहितात, कन्नडमध्ये तोच ‘प’ द्वित्त होऊन निप्पाणी होतो, आणि रोमन लिपीतील पाट्यांवर ही दोन्ही रूपे आजही शेजारीशेजारी दिसतात. कोल्हापूरकडून येणारा तंबाखूचा व्यापारी असो, चिकोडीकडून येणारा शेतकरी असो, की मे महिन्यात मुंबईहून घरी येणारा चाकरमानी असो, या रूपभेदाने त्यांपैकी कोणाची वाट कधी चुकली नाही, कारण वाचणारा माणूस अक्षरांच्या पलीकडे जाऊन गाव ओळखतो. परंतु ज्या दिवशी हे नाव संगणकाच्या स्वाधीन झाले त्या दिवशी ही ओळख संपली. जावा भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला दोन शब्द एकच आहेत काय असे विचारले, म्हणजे ती अक्षराला अक्षर लावून पाहते आणि एक ‘प’ कमी आढळताच ‘नाही’ असे उत्तर देऊन पुढच्या कामास लागते. आणि त्या एका ‘नाही’पायी कोणाच्या वारसाची नोंद अडते, कोणाचे पीककर्ज खोळंबते, तर कोणा म्हातारीला आपण तीच आहोत हे सिद्ध करण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत चार खेपा घालाव्या लागतात.

मी आयुष्यातील सुमारे वीस वर्षे पुण्यात राहून याच जावा भाषेत मोठमोठ्या संस्थांच्या आज्ञावल्या लिहिण्याचे काम केले, आणि आता गावी परतल्यावर शेजारपाजारचे लोक आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. पहाणीचा उतारा, बँकेचे पासबुक, आधारपत्र, शाळा सोडल्याचा दाखला असा तो जुडगा असतो आणि प्रत्येकावर एकाच माणसाचे नाव निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले असते. लोक समजतात की चूक टंकलेखन करणाऱ्या कारकुनाची आहे. माझे मत असे आहे की, कारकुनाची चूक असलीच तर ती वरवरची होय. मूळ दोष आम्हा प्रणाली बांधणाऱ्यांचा आहे, कारण बाहेरून आलेला कागद आणि आमच्या प्रणालीच्या पोटातील हिशेब यांचा परस्परांशी संबंध कसा असावा, या प्रश्नाचा विचार आम्ही फार उथळपणे केला. हा विषय तांत्रिक असल्यामुळे तो आजवर वर्तमानपत्राच्या वाचकांपुढे क्वचितच मांडला गेला. परंतु ज्याच्या जमिनीचा, पैशाचा आणि नावाचा व्यवहार त्यावर अवलंबून आहे त्या सामान्य मनुष्यास तो कळलाच पाहिजे, आणि मराठी भाषेत तो समजावून सांगण्यास लागणारी सामग्री आपल्या जुन्या दप्तरव्यवस्थेत पूर्वीपासून सिद्ध आहे.

मराठेशाहीच्या कारभारात दोन दरख, म्हणजे हुद्दे, अगदी भिन्न स्वभावाचे होते. एक चिटणिशीचा आणि दुसरा फडणिशीचा. चिटणिसाचे काम पत्राचे: मायना काय असावा, मजकूर कोणत्या क्रमाने यावा, कोणास कोणत्या शब्दांनी संबोधावे, शेवटी मोर्तब कोठे व्हावे, हे सारे तो पाही, छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे नाव याच कारणाने अजरामर झाले. फडणिसाचे काम हिशेबाचे: आलेल्या पत्रातून, सनदेतून, कबुलायतीतून त्याला हवा तेवढा आकडा आणि हवे तेवढे नाव उचलून तो आपल्या वहीच्या रकान्यात बसवी. एकच पत्र दोघांच्याही हातांखालून जात असे, परंतु दोघे त्याचे दोन निरनिराळे उपयोग करीत. आणि या व्यवस्थेतील मर्म असे की फडणिसाने आकडा उतरून घेतला म्हणून मूळ पत्र कोणी फाडून टाकीत नसे. ते रुमालात बांधून दप्तरी राही, त्यावर ते कोणत्या दिवशी येऊन पोहोचले याची पैवस्तीची नोंद राही, आणि लांब पत्राचे कागद एकमेकांस चिकटवलेले असल्यास मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून सांध्यावरही शिक्का उमटविलेला असे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले, ते केवळ एवढ्याचसाठी शक्य झाले की फडणिशीने चिटणिशीला गिळले नव्हते. आकडे तेवढे उतरून घेऊन पत्रे चुलीत घातली असती, तर अठराव्या शतकाचा इतिहास आपणास जमाखर्चाच्या रूपाने मिळाला असता आणि त्यातील माणसे कायमची मुकी झाली असती.

आजच्या संगणकव्यवहारात या दोन दरखांची जागा कोणी घेतली आहे ते आता सांगतो. एक्सएमएल नावाची जी लेखनपद्धती आहे ती चिटणिशी होय. तिच्यात मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आधी आणि नंतर कोनी कंसांत त्या भागाचे नाव लिहितात, म्हणजे हे गाव, हा गट क्रमांक, हा खातेदार, हा शेरा, असे मजकूर स्वतःच सांगत जातो. एका भागाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा अशी रचना होते. आणि ही नावे इंग्रजीच असली पाहिजेत असेही नाही, देवनागरीत ‘गाव’ आणि ‘खातेदार’ असे लिहिले तरी ते प्रमाणास मान्य आहे. हिचे मूळ कुळ पाहिले तर ते कागदाशीच जाऊन मिळते. १९६९ साली अमेरिकेत आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी जी पद्धती आरंभिली ती वकिलांच्या कचेरीतील दस्तऐवज संगणकावर ठेवण्याच्या प्रयत्नातून निघाली, आणि गोल्डफार्ब हे स्वतः वकिली सोडून या क्षेत्रात आलेले गृहस्थ होते. तिचीच पुढे १९८६ साली एसजीएमएल नावाने आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती झाली, आणि तिला सुटसुटीत रूप देऊन १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएलची शिफारस प्रसिद्ध केली.

जावा ही भाषा मात्र फडणिशीच्या घराण्यातील आहे. तिच्या मुळाशी असलेली ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेतील ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांच्या सिम्युला या भाषेतून आली, आणि सिम्युला निर्माण झाली ती चालत्या जगाची नक्कल करण्यासाठी, म्हणजे रांगेत उभी असलेली माणसे, ये-जा करणारी वाहने, यंत्रावर चढणारा आणि उतरणारा माल यांचे वर्तन संगणकात उभे करण्यासाठी. ऑब्जेक्ट म्हणजे काही गुण आणि काही क्रिया एकत्र बांधलेली वस्तू. ‘खाते’ नावाच्या ऑब्जेक्टला शिल्लक असते आणि त्यात रक्कम भरता येते किंवा त्यातून काढता येते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा लोकांपुढे आणली, १९९९च्या अखेरीस मोठ्या संस्थांच्या कारभारासाठी तिची विस्तृत आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कारभाराचा फार मोठा भाग या ऑब्जेक्टांच्या हातांत गेला. आधारची यंत्रणाही मुख्यतः जावातच बांधलेली असून तिच्याकडे ओळख पटविण्यासाठी जाणारी विनंती आणि तिच्याकडून येणारे उत्तर हे एक्सएमएल कागद असतात.

आता दरवाजातून कागद आला आणि आत बसलेल्या फडणिसाला तो वाचावयाचा आहे, तेव्हा काय करावे? जावात याचे अनेक मार्ग आहेत. संपूर्ण कागदाचा वृक्ष स्मरणात उभा करता येतो, किंवा कोणी ओळीओळीने वाचून दाखवावे आणि आपण हवे तेवढे टिपून घ्यावे अशीही सोय आहे. या दोन्हींविषयी येथे अधिक सांगत नाही. तिसरा मार्ग सर्वांत लोकप्रिय झाला आणि त्यानेच घात केला. २००३ साली जाक्स-बी नावाची एक व्यवस्था प्रमाण म्हणून आली. कागदाचा आराखडा, ज्याला स्कीमा म्हणतात, तो तिला एकदा दिला की ती त्यावरून जावाचे क्लास, म्हणजे ऑब्जेक्टांचे साचे, आपोआप घडवून देते, आलेल्या कागदाचे ऑब्जेक्टांत रूपांतर करते आणि ऑब्जेक्टांचा पुन्हा कागद करून देते. कोनी कंसांकडे पाहण्याचा त्रास नाही, चिटणिसाची गरजही नाही. फडणिसाला आपल्या रकान्यांची भाषा तेवढी आली म्हणजे झाले. तरुण अभियंत्यांना हे फार आवडले, आणि मलाही आवडले होते.

तिच्यातील धोका मला कसा उमगला ते सांगणे प्राप्त आहे. विमा व्यवहाराच्या एका प्रणालीवर मी काम करीत असताना बाहेरच्या संस्थेकडून नुकसानीच्या पाहणीचे कागद एक्सएमएलमध्ये येत, आमची प्रणाली ते वाचून घेई, त्यात आपला निर्णय भरी आणि पुढच्या कचेरीकडे नवा कागद लिहून पाठवी. काही काळाने पाठविणाऱ्यांनी आपल्या आराखड्यात पाहणी करणाऱ्याच्या शेऱ्यासाठी एक नवा भाग वाढविला, आणि आमचे क्लास मात्र जुन्या आराखड्यावरून घडलेले होते. अशा वेळी जाक्स-बीची नंतरची आवृत्ती, मुद्दाम वेगळे सांगितले नसेल तर, अनोळखी भाग आढळल्याची तक्रारही करीत नाही. ती तो भाग मुकाट्याने सोडून देते. शेरा आमच्या दारातून आत आला आणि नाहीसा झाला. कोठे चूक नोंदली गेली नाही, कोणाच्या पडद्यावर लाल अक्षर उमटले नाही, आणि ‘वासरे गोठ्यासह वाहून गेली, पंचनामा जोडला आहे’ अशा आशयाची वाक्ये कित्येक महिने पुढच्या कचेरीपर्यंत पोहोचलीच नाहीत. एका कुटुंबाने आपली हस्तलिखित प्रत घेऊन येऊन विचारणा केली तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. मूळ कागद आम्ही राखून ठेवलेले नव्हते. ऑब्जेक्ट झाले म्हणजे कागदाचे काम संपले अशीच आमची समजूत होती. जी वाक्ये गेली ती गेलीच, आणि त्या महिन्यांत ज्यांच्याजवळ हस्तलिखित प्रत नव्हती त्यांचे काय झाले असेल, हा विचार आजही माझी पाठ सोडीत नाही.

या प्रसंगाला अपघात म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचे मूळ ऑब्जेक्टच्या स्वभावातच आहे. ऑब्जेक्टला ठराविक गुण असतात; जे त्या गुणांत बसत नाही त्याला त्याच्याजवळ जागाच नसते. कागदाचा धर्म उलट आहे. फेरफाराची नोंद पाहा: ‘अमुक याने आपल्या हिश्शाची जमीन विहिरीच्या निम्म्या पाळीसह, पूर्वापार वहिवाटीची वाट राखून, तमुकास दिली’. या वाक्यात दोन नावे आणि एक क्षेत्र एवढेच रकान्यांत जाईल. विहिरीची पाळी आणि वहिवाटीची वाट ही वाक्याच्या ओघात आहेत, आणि उद्या भाऊबंदांत वाद उभा राहिला तर निकाल त्या ओघावरच होणार आहे. एक्सएमएलमध्ये असे वाक्य सबंध ठेवून त्यातील नावांना तेवढ्या खुणा करता येतात, हा तिचा मोठा गुण; वाक्य मोडावे लागत नाही आणि यंत्राला नावेही सापडतात. ऑब्जेक्टांत ते उतरविताना मात्र वाक्याचे तुकडे होतात आणि तुकड्यांमधला सांधा गळून पडतो.

जाक्स-बीच्या कर्त्यांना हे कळले नव्हते असे मी म्हणणार नाही. अनोळखी भागांना राखून ठेवण्याची सोय तिच्यात आहे. बाइंडर नावाची आणखी एक सोय आहे, तिच्या योगाने ऑब्जेक्ट आणि मूळ कागदाचा वृक्ष हे एकमेकांशी बांधलेले राहतात आणि ऑब्जेक्टात केलेला बदल मूळ कागदाच्या त्याच जागी उमटतो, बाकीचा मजकूर न हालता तसाच राहतो. म्हणजे साधन उपलब्ध होते आणि आजही आहे. परंतु ते वापरण्यास चार दिवस अधिक लागतात, आणि ज्या संस्थेने प्रणाली विकत घ्यावयाची तिने कधी विचारलेच नाही की आमच्या कागदाचे तुम्ही पुढे काय करता.

आता कायद्याची बाजू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे कलम ७ असे सांगते की, जेथे कागद जतन करणे कायद्याने आवश्यक आहे तेथे इलेक्ट्रॉनिक नोंद मूळ ज्या स्वरूपात तयार झाली, पाठविली गेली किंवा मिळाली त्या स्वरूपात, अथवा त्याच माहितीचे यथार्थ दर्शन घडविता येईल अशा स्वरूपात ठेवावी, ती पुढे पाहण्यास मिळाली पाहिजे, आणि ती कोठून निघाली, कोठे जावयाची होती, कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी पाठविली किंवा मिळाली हा तपशीलही तीसोबत असावा. हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा मला पैवस्तीची आठवण झाली. जुन्या दप्तरात जी गोष्ट रिवाजाने होत होती ती नव्या कायद्याने शब्दांत बांधून दिली आहे. सांध्यावरच्या शिक्क्यालाही नवे रूप मिळाले आहे. एक्सएमएल कागदावर डिजिटल स्वाक्षरी कशी करावी याची शिफारस २००२ साली प्रसिद्ध झाली, आणि आधारचा जो ऑफलाइन ओळखपत्राचा कागद आपण स्वतः उतरवून घेऊ शकतो तो अशाच स्वाक्षरीने मुद्रांकित असतो. या स्वाक्षरीचा गुण असा की तिच्या कक्षेतील मजकुरात एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले तरी पडताळणी फसते. आता एखाद्या प्रणालीने तो कागद वाचून ऑब्जेक्ट केले, मूळ टाकून दिले, आणि गरज पडली तेव्हा ऑब्जेक्टांवरून पुन्हा कागद तयार केला, तर नाव, जन्मतारीख, पत्ता हे सारे बरोबर असूनही रिकाम्या जागांच्या किंवा एखाद्या गळलेल्या भागाच्या फरकाने स्वाक्षरी जुळणार नाही. खरा माणूस, खरा मजकूर, आणि तरीही खोटा ठरलेला कागद, अशी विपरीत अवस्था त्यातून उत्पन्न होते.

निपाणीच्या माणसाला कागद राखण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, कारण येथे कारभार बदलले आणि कागद राहिले. निपाणकर निंबाळकरांची जहागीर गेली, कंपनी सरकार आले, मुंबई इलाखा झाला, मग मुंबई राज्य; १ नोव्हेंबर १९५६ रोजी गाव म्हैसूर राज्यात गेले, त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले; चिकोडी तालुक्यातून निघून निपाणी आता स्वतंत्र तालुका झाला. सीमेपलीकडे कागलला सात-बारा आणि अलीकडे पहाणी, अशी एकाच मातीची दोन नावे झाली. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढविले, तालुक्याच्या ठिकाणी १५ रुपये भरून छापील उतारा मिळू लागला आणि हाताने लिहिलेला उतारा देणे बंद झाले. शेतकऱ्याचा खेटा वाचला, ही त्या कामाची खरी कीर्ती आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. परंतु या सर्व स्थित्यंतरांत ज्यांच्या पेटीत आजोबांच्या वेळचा मोडीतील कागद होता त्यांचाच हक्क भक्कम राहिला.

आज्ञावल्यांचे राज्य तर याहूनही अल्पायुषी असते. जावाच्या मूळ संचात समाविष्ट असलेली जाक्स-बी २०१८ साली अकराव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. संस्थात्मक जावा एका फाउंडेशनकडे गेली, नाव बदलून जकार्ता झाली, आणि २०२० साली तिच्या पायाभूत भागांची नावेच बदलल्यामुळे असंख्य प्रणालींना आपल्या आज्ञावल्यांत दुरुस्ती करावी लागली. या सगळ्या उलथापालथीत १९९८च्या प्रमाणाप्रमाणे लिहिलेला एक्सएमएल कागद मात्र आजही जसाच्या तसा वाचता येतो. ज्या गोष्टीचे आयुष्य वीस वर्षे तिच्या पोटात शंभर वर्षांचा दस्तऐवज विरघळवून टाकणे हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण आहे?

माझ्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा भाग भाषेचा आहे. एक्सएमएलच्या मूळ प्रमाणातच, कोणत्याही भागाला त्यातील मजकूर कोणत्या भाषेतील आहे हे सांगणारी खूण जोडण्याची तरतूद आहे. मराठीसाठी ‘एम-आर’ आणि कन्नडसाठी ‘के-एन’ ही दोन अक्षरे. म्हणजे एकाच खातेदाराचे नाव एकाच कागदात दोनदा, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये, प्रत्येकावर आपापली खूण लावून, कोणाचाही अधिकार न डावलता लिहिता येते. आधारच्या विनंतीतही रोमन नावाबरोबर स्थानिक भाषेतील नावाला जागा असून भाषांना क्रमांक दिलेले आहेत. त्यात कन्नडचा ०७ आणि मराठीचा १३. लिप्यांचे नातेही आपण समजतो त्याहून निकटचे आहे. भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ ही जी संकेतपद्धती आपल्याच देशात घडली, तिच्या धर्तीवर युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक आळी मिळाली, आणि देवनागरी आळीत ‘क’ ज्या क्रमांकाच्या घरात राहतो, कन्नड आळीत कन्नड ‘क’ त्याच क्रमांकाच्या घरात राहतो. आपला ‘ळ’ तिकडेही आपल्याच घरात आहे. दोन्ही लिप्यांत नाव नीट लिहिलेले असेल तर त्यांची तुलना करणे यंत्राला अवघड नाही. अडचण होते ती नाव प्रथम रोमन लिपीत जाऊन तेथून परत येते तेव्हा. ‘ट’ आणि ‘त’ एक होतात, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ऱ्हस्वदीर्घ जाते, आणि त्या भ्रष्ट रूपालाच मूळ समजून दोन्ही भाषांवर लादले जाते.

असे का होते? आमच्या क्लासमध्ये ‘नाव’ या गुणाला एकच जागा ठेवलेली असते. कागदात भाषेची खूण येते, ऑब्जेक्टात तिला घर नसते, म्हणून ती उंबरठ्यावरच राहते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी १९५६ साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जे निवेदन काढले त्यात, एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषिक १५ ते २० टक्के असल्यास महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे तत्त्व मांडले आहे. त्याच्या अंमलबजावणीविषयी सीमाभागाची गाऱ्हाणी जुनी आहेत आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की आज पुष्कळदा ‘प्रणालीत सोय नाही’ हे उत्तर मिळते, आणि ते उत्तर तांत्रिक दृष्ट्या असत्य आहे. सोय प्रमाणात १९९८ पासून आहे. ती क्लास लिहिणाऱ्याने सोडली आणि मागणाऱ्याने मागितली नाही.

यावर माझे जुने सहकारी म्हणतील की एक्सएमएलचा काळ सरला. प्राप्तिकर खात्याची विवरणपत्रे वर्षानुवर्षे जावातील साधनाने भरून एक्सएमएल फाइलीच्या रूपाने पाठविली जात, ती २०२१ पासून जेसन नावाच्या सुटसुटीत पद्धतीत जाऊ लागली. वस्तू व सेवा कराची ई-बिलेही जेसनमध्येच असतात. हे खरे आहे आणि योग्यही आहे. करविवरण किंवा मालाचे बिल ही जात्याच फडणिशी. रकाने आणि आकडे यांपलीकडे त्यांत राखण्यासारखे थोडे, तेव्हा तेथे हलके साधन शोभते. वखारीतून निघालेल्या तंबाखूच्या बोदांचे वजन आणि भाव कोगनोळी नाक्यापर्यंत पोहोचविण्यास चिटणिसाची आवश्यकता नाही. परंतु खरेदीखत, फेरफार, पंचनामा, न्यायालयाचा हुकूम, सोसायटीचा ठराव यांची जात वेगळी आहे, आणि त्यांना बिलाच्या साच्यात ओतणे हा अन्याय होय. शिवाय माझा आग्रह कोनी कंसांपुरता नाही. उद्या जेसनहून नवे काही आले तरी आलेला कागद आलेल्या रूपात, पोहोचल्याच्या नोंदीसह, स्वाक्षरी न मोडता राखावा आणि ऑब्जेक्ट त्यावरून हवे तेव्हा घडवावेत, एवढी गोष्ट मान्य झाली तर मला समाधान आहे. साठवणुकीचा खर्च वाढेल असे म्हणतात. पण असे कागद म्हणजे बहुतांशी निव्वळ मजकूर, आणि लग्नाच्या एका चित्रफितीला लागणाऱ्या जागेत संपूर्ण गावाचे फेरफार मावतात.

हे आजच बोलण्याचे कारण असे की हा व्यवहार आता आपल्या दारात येऊन ठेपला आहे. केंद्र सरकारने २०२२ साली देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण करण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्यांना आपल्याकडे पीकेपीएस आणि कोल्हापूरकडे विकास सोसायटी म्हणतात त्याच या संस्था. शेतकऱ्याचे पीककर्ज, खताची उधारी, भागभांडवल, वारसनोंद हे सारे त्यांच्या वह्यांत आहे. निपाणी भागातील या संस्थांच्या जुन्या वह्या मी पाहिल्या आहेत. संचालकांच्या सभेचे ठराव त्यांत सुवाच्य मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिलेले आहेत, कधी एकाच पानावर दोन्ही भाषांत. एखाद्या विधवेस मुदत वाढवून देताना तिची परिस्थिती चार ओळींत नमूद केलेली असते, आणि त्या चार ओळींसाठी कोणत्याही प्रणालीत रकाना नाही. आकडे तेवढे चढवून वह्या अडगळीत टाकल्या जाण्याचे भय मला वाटते, कारण मी स्वतः एकेकाळी तसेच केलेले आहे.

म्हणून सोसायटीच्या सभासदांना माझी विनंती आहे की येत्या वार्षिक सभेत अहवाल मंजूर करण्यापूर्वी संगणकप्रणालीचा विषय पुकारावा. पुरवठादाराचा प्रतिनिधी उपस्थित असेल तर त्याच्यापुढे पडद्यावर एक अर्ज भरावा. त्यात नाव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहावे, आणि शेऱ्याच्या जागी दोन पूर्ण वाक्ये घालावीत. मग तो अर्ज आत घेऊन, हिशेबाच्या सर्व पायऱ्यांतून नेऊन, त्याला सांगावे की आम्ही दिलेला कागद आता आम्हास परत दाखवा: तीच दोन नावे, तीच दोन वाक्ये, आणि वर तो मिळाल्याची तारीख व वेळ. दाखविता आला तर प्रणालीचा ठराव मंजूर करावा. न आला तर त्या सभेच्या इतिवृत्तात, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत, तसे लिहून ठेवावे आणि त्याखाली सह्या घ्याव्यात.